दवाखान्यातली वीस मिनिटे आणि घरातले चोवीस तास

रविवारी विहारातली वंदना संपली. लोक चपला घालून बाहेर पडत होते. एक आई मात्र मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. खांद्यावर चार वर्षांचा मुलगा होता. त्याचे पाय लाकडासारखे ताठ, एकमेकांवर कात्रीसारखे चढलेले. मान मागे गेलेली, मुठी घट्ट मिटलेल्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे तिला कोणीतरी सांगितले होते.

"ताई, दवाखान्यात जाणं सुटलं. आता याचे पाय कायमचे गेले का?"

ती चार घरची धुणीभांडी करते. मुलाला 'सेरेब्रल पाल्सी' आहे हे तो दीड वर्षाचा असताना कळले. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा बोलावले होते. जायला दोन बस, मग नंबर, मग वीस मिनिटे व्यायाम, मग परत दोन बस. एका खेपेला अख्खा दिवस जायचा. खाडे वाढले तसे एक काम सुटले, मग दुसरे. घरभाडे थकले, तेव्हा तिने दवाखाना सोडला. त्याला आठ महिने झाले होते. "मीच माझ्या पोराचं वाटोळं केलं," असे म्हणून ती रडायला लागली.

त्या दिवशी आणि नंतरच्या काही महिन्यांत तिला जे सांगितले, तेच या पानावर सांगते आहे. कारण अशी आई ती एकटी नाही. जगभरच्या पाहणीत दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना सेरेब्रल पाल्सी असल्याचे दिसते. आपल्या वस्त्यांतही ही मुले आहेत. पण ती खोलीच्या आत असतात, म्हणून दिसत नाहीत.

नेमके काय झालेले असते?

सेरेब्रल पाल्सीला मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात. बाळाचा मेंदू वाढत असताना, म्हणजे पोटात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा होते. हातपाय मुळात चांगले असतात, पण त्यांना हुकूम देणारी जागा दुखावलेली असते. त्यामुळे काही मुलांचे स्नायू ताठ होतात, काहींचे हातपाय आपोआप वळवळतात, काहींचा तोल राहत नाही. कोणाची एक बाजू, कोणाचे दोन्ही पाय, तर कोणाचे सगळे अंग त्यात सापडते.

कारणे बरीच आहेत. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्म, फार कमी वजन, जन्मल्यावर बाळ उशिरा रडणे, नवजात बाळाची वाढलेली कावीळ वेळेत न उतरणे, मेंदूज्वर, गरोदरपणातला काही प्रकारचा जंतुसंसर्ग. कित्येकदा नेमके कारण सापडतच नाही.

पण काय कारण नाही, ते नक्की सांगता येते. ग्रहण पाहिले, गरोदरपणी काही ओलांडले, कोणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे पाप भोवले, यातले काहीही कारण नाही. गंडेदोरे आणि उतारे आपण मागे टाकले. मग आईला "तुझ्याच पोटी असं कसं आलं?" असे विचारणेही मागे टाकायला हवे. हा संसर्ग नाही. शेजारच्या मुलांना त्याच्याशी खुशाल खेळू द्या.

आणखी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत जात नाही. पण ती पुसूनही टाकता येत नाही. म्हणजे 'पूर्ण बरा करतो' असे जो म्हणतो, तो खोटे बोलतो. 'आता काहीच होणार नाही' असे जो म्हणतो, तोही चुकतो. इजा तेवढीच राहिली तरी वाढत्या वयाबरोबर स्नायू आखडतात, सांधे वाकडे होतात, खुबा सरकतो. ते रोखणे, आणि आहे त्या शरीराने मुलाला जास्तीत जास्त काही करता येणे, हे आपले काम.

शंका कधी घ्यावी?

बाळ चार महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही. तीन-चार महिन्यांनंतरही मूठ बहुतेक वेळ मिटलेली, अंगठा आत. लंगोट बदलताना पाय ताठ होतात, मांड्या फाकत नाहीत. नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरते, दुसरा अंगाशी धरून ठेवते. दूध ओढताना सारखे ठसकते. अंग एकदम ढिले किंवा एकदम ताठ वाटते. यातले काही दिसले तर "काही मुलं उशिराच चालतात" म्हणून थांबू नका. लवकर रडले नाही, पेटीत ठेवले होते किंवा फार लवकर जन्मले, अशा बाळावर तर पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवा. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वांत जास्त शिकतो. ती दोन वर्षे वाट पाहण्यात घालवू नयेत.

वीस मिनिटांचा हिशेब

त्या आईला मी आधी एक हिशेब करायला लावला. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे म्हणजे आठवड्याला चाळीस मिनिटे. आठवड्याचे तास १६८. दवाखान्यात कितीही चांगले हात लागले, तरी उरलेले सगळे तास मूल ज्या रीतीने उचलले जाते, झोपवले जाते, बसवले जाते, भरवले जाते, तसेच त्याचे शरीर घडत जाते.

ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३६ मुलांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. थेरपिस्टने घरच्यांना विचारून ध्येय ठरवायचे आणि सराव घरच्यांनी घ्यायचा, अशी पद्धत होती. आठ आठवडे घरच्यांनी महिन्याला सरासरी सतरा-अठरा वेळा, दर वेळी साधारण सोळा-सतरा मिनिटे सराव घेतला. ज्यांना घरचा सराव मिळाला नाही त्या मुलांपेक्षा या मुलांचे हात वापरणे आणि रोजची कामे सुधारली. अभ्यास लहान आहे आणि श्रीमंत देशातला आहे. पण पंधरा-वीस मिनिटे, दिवसाआड का होईना, आपल्या खोलीतही निघतात.

अट एक आहे. त्या मिनिटांत मुलाने स्वतः काही केले पाहिजे. आपण त्याचे हातपाय धरून शंभर वेळा हलवले तर तो आपला व्यायाम होतो, त्याचा नाही. मूल स्वतः एखाद्या वस्तूसाठी हात पुढे करते, चुकते, पुन्हा करते, तेव्हा मेंदू शिकतो.

म्हणून मी तिला विचारले, "काय व्हावंसं वाटतं?"

"चालावं."

"ते कळलं. पण येत्या दोन महिन्यांत काय झालं तर तुझा दिवस हलका होईल?"

तिने बराच विचार केला. "मी चहा टाकून गाळीपर्यंत तो एका जागी बसला पाहिजे. खांद्यावरून उतरला पाहिजे."

आम्ही तेच ध्येय धरले. तुम्हीही असेच धरा. लहान, रोजच्या उपयोगाचे, डोळ्यांनी दिसेल असे. मूल सांगू शकत असेल तर त्यालाच विचारा.

उचलणे, झोपवणे, बसवणे

पाय कात्रीसारखे चढत असतील तर मुलाला आडवे किंवा ताठ उभे धरून उचलू नका. आधी खुबे आणि गुडघे वाकवा, मग पाय फाकवून कडेवर घ्या, एक पाय पुढे, एक मागे. पायांचा ताठरपणा लगेच कमी झालेला हाताला कळतो. मूल सतत एकाच कडेवर नको, बाजू बदला.

दिवसभर उताणे टाकून ठेवू नका. उताणे असताना बरीच मुले कमानीसारखी मागे ताणली जातात आणि त्यांना आढ्याशिवाय काही दिसत नाही. कुशीवर झोपवा, पाठीमागे गोधडीची गुंडाळी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, दोन्ही हात समोर. हातांसमोर वाटी-चमचा ठेवला की ते त्याच्या नजरेत येते.

मूल जागे असताना आणि कोणी समोर बसलेले असताना थोडा वेळ पालथे घाला. छातीखाली टॉवेलची गुंडाळी द्या, हात तिच्यावरून पुढे. समोर आरसा, मोबाईलचा उजेड किंवा भावंडाचा चेहरा. मान वर येते ती कोणाला तरी बघायला. एकदा दहा सेकंद, उद्या बारा. रडू लागले तर थांबा. तुमच्या मांडीवर किंवा छातीवर पालथे घेतले तरी चालते.

बसवण्यासाठी खोलीचा कोपरा चांगला. दोन भिंती पाठीला आणि खांद्यांना धरतात. दोन्ही पायांच्या मध्ये गोधडीची गुंडाळी ठेवा म्हणजे मांड्या फाकलेल्या राहतात. पाय लांब केले की पाठ गोल होऊन मूल पुढे घसरत असेल, तर त्याला पाटावर किंवा जाड घडीवर थोडे उंच बसवा आणि गुडघे थोडे वाकू द्या. समोर स्टूल किंवा पत्र्याची पेटी ठेवा, दोन्ही कोपरे तिच्यावर टेकवा. हाताला आधार मिळाला की मान सावरते.

खुर्चीवर बसवताना खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही काटकोनात आणि पावले टेकलेली हवीत. पावले लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा विटा द्या. खोक्याचा जाड पुठ्ठा थरावर थर चिकटवूनही मुलाच्या मापाची खुर्ची करता येते. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या गावांत काम करून १९८७ मध्ये अपंग मुलांवर एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात लाकूड-पुठ्ठ्याची अशी कितीतरी साधने आहेत. महाग खुर्ची नाही म्हणून मूल जमिनीवर पडून राहायला नको.

कपडे घालताना ताठ हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. मूठ उघडायला बोटे ओढू नका. मनगट आतल्या बाजूला हळू वाकवा, बोटे आपोआप सैल होतात. मग तळव्यात चमचा, चेंडू, पोळीचा तुकडा द्या.

खेळ हाच सराव

आमच्या त्या मुलाला दाद्याची लाल गाडी हवी असायची. मग सराव तोच. कोपऱ्यात बसायचे, समोर पेटी, पेटीवर गाडी, आधी हाताच्या जवळ, मग बोटभर लांब. ढकलली की दादा ती परत आणतो. कधी त्यानेच हात पुढे केला, कधी दादाने नुसता कोपराला आधार दिला. हात धरून गाडी ढकलून द्यायची नाही, असे दादाला बजावले होते. वाट पाहायची. या मुलांना मनात आणल्यापासून हात हलेपर्यंत वेळ लागतो. आपण मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे.

एकच बाजू अधू असलेल्या मुलाला दोन्ही हात लागतील अशी कामे द्या. डब्याचे झाकण उघडणे, वाटाणे सोलणे, पीठ मळणे, चेंडू दोन्ही हातांनी झेलणे. चांगल्या हाताला मोजा घालून थोडा वेळ अधू हाताने खेळवण्याची एक सिद्ध पद्धत आहे, पण ती थेरपिस्टने शिकवल्यावरच करा.

भरवताना जीव सांभाळा

या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक मी जेवताना पाहते. मूल मांडीवर आडवे, मान मागे, तोंडात पातळ वरण ओतायचे. असे ओतलेले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल दर महिन्याला खोकला-न्यूमोनियाने आजारी पडते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

भरवताना मूल बसलेले हवे, मान सरळ, हनुवटी किंचित खाली. तुम्ही त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. उभे राहून भरवले की ते मान वर करते. चमचा लहान आणि उथळ घ्या. तो समोरून आणा, जिभेच्या मध्यावर हलके दाबा, ओठ मिटायला वेळ द्या, मग सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर खरवडू नका. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. नाक दाबून, जबरदस्तीने कधीच नाही.

पाण्यासारखे पातळ आणि कोरडे भुरभुरीत, दोन्ही अवघड जाते. घट्ट पेज, कालवलेला मऊ भात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले अंडे, केळे असे एकजीव अन्न बरे. गिळायला वेळ लागतो म्हणून ही मुले कमी खातात आणि हडकतात. म्हणून थोड्या घासात जास्त ताकद द्या. भातात चमचाभर तेल किंवा तूप घाला, पेजेत दाण्याचे बारीक कूट घाला. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. जेवताना रोज ठसका, डोळ्यांत पाणी, घशात घरघर येत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. पोट साफ होत नसेल तर तेही सांगा. बद्धकोष्ठाने मूल चिडचिडे होते आणि स्नायू अधिक ताठ होतात.

बोलत नाही म्हणजे कळत नाही, असे नव्हे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येक मुलांची बुद्धी चांगली असते, फक्त जीभ आणि ओठ ऐकत नाहीत. त्यांच्यासमोर "याला काही कळत नाही" असे बोलू नका. ऐकणे आणि दिसणे दोन्ही तपासून घ्या.

रोज पर्याय द्या. एका हातात पाणी, दुसऱ्यात केळे. "काय पाहिजे?" त्याची नजर जिकडे जाईल ते द्या. दोन-तीन आठवड्यांत त्याला समजते की आपल्या बघण्याने काही घडते. मग 'हो'साठी वर बघणे, 'नाही'साठी डोळे मिटणे, असे काही ठरवा आणि ते घरातल्या सर्वांना सांगा. पुढे जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवा. जेवण, शू, झोप, दुखतंय, बाहेर. चित्रांमुळे बोलणे मागे पडते ही भीती खोटी आहे.

मालिनी चिब या सेरेब्रल पाल्सी घेऊन वाढल्या. मुंबईत त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. मालिनी उच्चशिक्षित झाल्या आणि त्यांनी एका बोटाने टाइप करून आपले आत्मचरित्र लिहिले. त्यांचे घर शिकलेले आणि साधनसंपन्न होते हे खरे. म्हणूनच आपल्या मुलांपर्यंत ही साधने यावीत असा आग्रह धरायचा.

हे करू नका

जोरजोरात मालिश करून, पाय ओढून सांधे 'मोकळे' करू नका. ताठ स्नायू ओढला की तो आणखी ताठ होतो, आणि अशक्त हाड मोडूही शकते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, मुलाला ते आवडते. पण तेलाने सेरेब्रल पाल्सी जात नाही.

चाकांचा गोल वॉकर आणू नका. त्यात मूल चवड्यांवर लटकते, पाय अधिक ताठ होतात, आणि उंबऱ्यावरून पडते.

आकडी आली तर कांदा, चप्पल, चमचा काही नको. मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना. आकडीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

'स्टेम सेल'च्या इंजेक्शनांसाठी कर्ज काढू नका, दागिने विकू नका. सेरेब्रल पाल्सीवर हा सिद्ध झालेला उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. आणि संशोधनाचा भाग असेल तर त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

दवाखाना कुठे लागतोच

आता त्या मुलाकडे परत येते. घरी सराव सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आई म्हणाली, "लंगोट बदलताना उजवा पाय फाकवला की रडतो. आधी वाटायचं, चिडतोय." मी पाहिले. उजवी मांडी डावीपेक्षा कमी फाकत होती आणि पाय किंचित आखूड दिसत होता. तिला सांगितले, "या कामासाठी एक खाडा कर. खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जायचं नाही."

उजवा खुबा खोबणीतून सरकू लागला होता. अजून निखळला नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी पुढचे उपचार सुरू केले, शस्त्रक्रिया लागेल असेही सांगितले. दवाखाना सुटला नसता तर हे आठ महिने आधी कळले असते. हे मी तिच्यापासून लपवले नाही. पण तिला दोषही दिला नाही. दिवसाची मजुरी बुडवल्याशिवाय मुलाचा व्यायाम होत नसेल, तर त्यात आईची चूक नाही.

म्हणजे घरातले काम दवाखान्याची जागा घेत नाही. खुबा आतून सरकतो, तो घरात दिसत नाही. चालत नसलेल्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त. दीड-दोन वर्षांचे झाल्यावर खुब्याचा एक्स-रे आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा, हे स्वतःहून विचारा. स्प्लिंट घट्ट होतात, मूल वाढते, ताठरपणाची औषधे किंवा इंजेक्शने लागतात, उभे करण्याची चौकट किती वेळ वापरायची ते ठरवावे लागते. यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी जावे. जाताना थेरपिस्टला स्पष्ट सांगा, "मला आठवड्याला येता येत नाही. घरी करायच्या तीनच गोष्टी शिकवा, माझ्या हाताने करून घ्या, आणि मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढू द्या." हे मागताना संकोच करू नका.

एकट्या आईवर नको

मूल वाढते, आईची पाठ तेवढीच राहते. उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे वाकवून, मुलाला अंगाशी घेऊन उठा. सहा-सात वर्षांचे झाल्यावर दोघांनी उचला.

त्या घरात आम्ही कामे वाटली. सकाळचे बसवणे आजीकडे. गाडीचा खेळ दादाकडे. रात्रीचे भरवणे वडिलांकडे. वडील आधी म्हणाले, "मला जमत नाही." मी म्हणाले, "दादा, पहिल्या दिवशी वहिनींनाही जमलं नव्हतं." आता आईला रात्री अर्धा तास मोकळा मिळतो. त्या अर्ध्या तासात ती काही करत नाही, आणि तेही ठरवूनच.

कागद आणि हक्क

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुले तपासते. तिथे मूल दाखवा. ते पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे थेरपी मोफत मिळते. आशाताईंनाही सांगून ठेवा. मुंबईकरांसाठी हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीतल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, लवकर काढा. बाकीची बरीच दारे त्याने उघडतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणाली तर नकार लेखी मागा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तो कुठे खर्च झाला हे आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला विचारा.

ही कोणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या आपल्या संविधानाच्या ४१ व्या कलमात आजारपण, म्हातारपण आणि विकलांगता या प्रसंगी नागरिकाला साहाय्य देण्याची तरतूद राज्याने करावी, असे म्हटले आहे.

पहिला रविवार

आता त्या आईसारख्या पाच आया आमच्या विहारात महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर तासभर थांबतात. मुले चटईवर असतात. एकीने पुठ्ठ्याची खुर्ची केली, तिने ती दुसरीला शिकवली. कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी गर्दी कमी असते, स्प्लिंटचा अर्ज कुठे भरायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेत आणि बांगलादेशात पालकांच्या अशाच गटांनी घरच्या थेरपीचे शिक्षण एकमेकांना दिले आहे. त्याला इमारत लागत नाही. चटई, तासभर वेळ आणि कोणी तरी बोलावणारे लागते. तुमच्या विहाराच्या महिला मंडळाने एका घराचे दार वाजवले तरी सुरुवात होते.

तो मुलगा चालत नाही. कदाचित स्वतःच्या पायांनी चालणारही नाही, हे आईला माहीत आहे. खुब्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. त्यासाठीचे खाडे भरून काढायला गटातल्या दोघींनी तिची दोन घरांची कामे वाटून घेतली आहेत.

पण परवा मी गेले, तेव्हा तो कोपऱ्यात बसला होता. दोन्ही कोपरे पेटीवर, मान सरळ. आईने माझ्यासाठी चहा टाकला, उकळला, गाळला आणि कप आणून ठेवला. तोवर तो बसून होता. मग त्याने कपाकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि डोळे वर केले.

"त्यालाही पाहिजे म्हणतोय," आई म्हणाली, आणि बशीत थोडा चहा ओतून त्यात बिस्कीट मऊ करायला लागली.